रक्तातले सेलेनियम पेशींपर्यंत पोहोचते कसे?

प्रश्न | करवीरनिवासी, कोल्हापूर

नमस्कार. आमच्या आईंना हाशिमोटो प्रकारचा थायरॉइडचा विकार असून त्यांची थायरॉक्सिनची गोळी बरीच वर्षे सुरू आहे. गेल्या पावसाळ्यात एका नातेवाइकांच्या आग्रहामुळे त्यांनी सेलेनियमच्या गोळ्या घ्यायला सुरुवात केली. पाकिटावर ‘सेलेनोमिथिओनिन’ असे नाव आणि सेलेनियमचे प्रमाण २०० मायक्रोग्रॅम असे छापले आहे. गोळ्यांपूर्वी रक्तातील सेलेनियम लिटरला ८२ मायक्रोग्रॅम होते, ते आता १४८ झाले आहे. रिपोर्ट पाहून घरात सर्वांना समाधान वाटले, मला मात्र एक शंका सतावते आहे.

मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत काम करतो. माल गोदामात आला म्हणजे तो साच्यापर्यंत पोहोचला असे आमच्याकडे कोणी धरत नाही. मग रक्तातला आकडा वाढला म्हणजे थायरॉइडला किंवा मेंदूला सेलेनियम मिळाले, असे कसे म्हणता येईल? लोह वाहून नेण्यासाठी ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन असते, एवढे मला वाचून माहीत आहे. सेलेनियमसाठी तसे काही वाहन आहे का, ते कुठे भरले जाते, आणि कोणत्या पेशीच्या दारात थांबायचे हे त्याला कसे कळते? जाणकारांनी सविस्तर सांगितले तर बरे होईल. औषधाबाबतचा निर्णय आम्ही डॉक्टरांना विचारूनच घेऊ.

उत्तर | जीवरसायन शिक्षक, राजारामपुरी

आपली शंका अगदी योग्य जागी आहे. उत्तराची सुरुवात लोहापासूनच करतो, कारण सेलेनियमची वाहतूक लोहासारखी होत नाही आणि तो फरक ध्यानात आला की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. ट्रान्सफेरिन लोहाचे अणू अंगावर घेऊन पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे तिच्या दारावरच्या ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, पेशीच्या आतल्या आम्लधर्मी कप्प्यात ते अणू सोडते आणि रिकामे होऊन पुन्हा रक्तात येते. कारखान्यावर ऊस उतरवून परत निघालेल्या ट्रॉलीचेच हे काम आहे. सेलेनियम वाहून नेणाऱ्या मुख्य प्रथिनाला सेलेनोप्रोटीन पी म्हणतात, आणि ते ट्रॉलीच्या जागी नसून उसाच्याच जागी आहे. चरकात घातल्याशिवाय त्यातले काही हाती लागत नाही. सेलेनियम या प्रथिनावर लादलेले नसते, त्याच्या साखळीतच विणलेले असते. म्हणून पेशीला सेलेनियम हवे असेल तर तिला हे प्रथिन आत ओढून पूर्ण मोडावे लागते.

हे भरण्याचे ठिकाण म्हणजे यकृत. अन्नातले सेलेनियम लहान आतड्यात शोषले जाते आणि यकृताकडे जाते. धान्य आणि डाळींतून ते प्रामुख्याने सेलेनोमिथिओनिन या अमिनो आम्लाच्या रूपात येते, तर अंडी, मासे व मटण यांतून सेलेनोसिस्टीनच्या रूपातही येते. सेलेनाइट, सेलेनेट हे असेंद्रिय क्षार बहुधा औषधांतून पोटात जातात. रूप कोणतेही असले तरी उपयोगी पडण्यासाठी त्या सर्वांना सेलेनाइड या एकाच अवस्थेतून जावे लागते. सेलेनाइडपासून सेलेनोफॉस्फेट बनते आणि त्यातले सेलेनियम एका खास टीआरएनएवर, म्हणजे प्रथिन बांधताना अमिनो आम्ल आणून देणाऱ्या रेणूवर, बसवले जाते. गंमत अशी की त्या टीआरएनएवर आधी साधे सेरीन चढते आणि तिथेच, जागच्या जागी, त्याचे रूपांतर सेलेनोसिस्टीनमध्ये होते. बाहेरून आयते आलेले सेलेनोसिस्टीन शरीर थेट वापरू शकत नाही. ते मोडून सेलेनाइडपर्यंत खाली आणावे लागते आणि तिथून पुन्हा बांधावे लागते.

त्यापुढची पायरी माझ्या मते या सर्व प्रकरणातली सर्वांत विलक्षण आहे. जनुकीय लिपीत ‘यूजीए’ या तीन अक्षरांचा एरवीचा अर्थ ‘प्रथिन इथे संपले’ असा असतो. परंतु संदेशवाहक आरएनएच्या शेवटाकडील, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात ‘सेसिस’ नावाचा एक दुमडलेला आकार असेल, तर पेशीतील यंत्रणा त्याच यूजीएवर न थांबता तिथे सेलेनोसिस्टीन बसवते. माणसात अशी सेलेनियमयुक्त प्रथिने बनवणारी २५ जनुके आहेत आणि त्यांतल्या बहुतेक प्रथिनांत सेलेनोसिस्टीन एकच असते. सेलेनोप्रोटीन पी या एकट्यात मात्र दहा असतात. त्यांपैकी एक पुढच्या भागात, जिथे त्याचा उपयोग एन्झाइमसारखा होऊ शकतो, आणि उरलेली नऊ शेपटीकडे दाटीने बसवलेली. ही शेपटी म्हणजेच माल. नावातला ‘पी’ प्लाझ्मासाठी आहे, कारण हे प्रथिन रक्तद्रवात सापडले.

आता दाराचा प्रश्न. मेंदूत आणि वृषणात सेलेनोप्रोटीन पी ओळखणारा रिसेप्टर म्हणजे अपोईआर-२, ज्याला एलआरपी-८ असेही म्हणतात. तो कोलेस्टेरॉलवाहक एलडीएलच्या रिसेप्टरच्या कुळातला आहे. मूत्रपिंडात हे काम मेगॅलिन करते. गाळणीतून खाली आलेले सेलेनोप्रोटीन पी ते लघवीत वाहून जाऊ न देता पेशीत ओढून घेते, आणि त्याच सेलेनियमचा वापर करून मूत्रपिंड ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज-३ हे दुसरे प्रथिन बनवून रक्तात सोडते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील रेमंड बर्क आणि क्रिस्टिना हिल यांच्या गटाने हे रिसेप्टर २००७ आणि २००८ मध्ये दाखवून दिले. त्याआधी २००३ साली त्यांच्या गटाने आणि जर्मनीतील एका गटाने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सेलेनोप्रोटीन पीचे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. त्या उंदरांच्या मेंदूतले आणि वृषणातले सेलेनियम घसरले, यकृतात मात्र ते तुंबून राहिले. उंदरांचा तोल जाऊ लागला आणि नर वांझ निघाले. माल भरपूर असूनही तो पाठवण्याची सोय नसली तर काय होते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुर्मिळच म्हणावा लागेल.

आता आपल्या आईंच्या १४८ या आकड्याकडे येतो. रक्तातले एकूण सेलेनियम म्हणजे सेलेनोप्रोटीन पी नव्हे. पुरेसा आहार असणाऱ्या माणसात त्या एकूण आकड्याचा साधारण निम्मा किंवा थोडा अधिक भाग सेलेनोप्रोटीन पीचा असतो आणि त्याहून बराच लहान भाग ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज-३ चा. उरलेला मुख्यतः अल्ब्युमिन या रक्तद्रवातील प्रथिनामध्ये असतो, आणि तो तिथे निव्वळ योगायोगाने असतो. सेलेनोमिथिओनिन आणि साधे मिथिओनिन यांतला फरक प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला कळत नाही, म्हणून मिथिओनिनच्या जागी ते कुठेही बसते. जितके सेलेनोमिथिओनिन पोटात जाईल तितका हा भाग वाढत राहतो. सेलेनोप्रोटीन पी मात्र एका मर्यादेनंतर वाढायचे थांबते. अभ्यासांत साधारणपणे असे आढळते की ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज-३ लिटरला ९० मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि सेलेनोप्रोटीन पी १२० च्या आसपास स्थिरावते. तेव्हा ८२ वरून १२० पर्यंतच्या वाढीत वाहतुकीचा खरा वाटा असू शकतो. त्यावरची वाढ बहुतांशी अल्ब्युमिनमध्ये पडून असलेला साठा आहे, असे मानायला हरकत नाही.

करवीरनिवासी

सर, मनःपूर्वक आभार. उसाच्या उदाहरणाने गोष्ट एकदम डोक्यात बसली. दोन उपप्रश्न आहेत. पहिला असा की आपण मेंदू, वृषण आणि मूत्रपिंड यांची दारे सांगितलीत, परंतु थायरॉइडचे सांगितले नाहीत, आणि आमचा सगळा खटाटोप थायरॉइडसाठीच आहे. दुसरा असा की पेशीच्या आत प्रथिन मोडल्यावर त्या सेलेनियमचे नेमके काय होते?

उत्तर | पशुवैद्य, कागल

सरांच्या सविस्तर उत्तरात मी जनावरांच्या बाजूने थोडी भर घालतो. आपल्या जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांना ‘ई-सेलेनियम’चे इंजेक्शन चांगले परिचित आहे, म्हैस किंवा गाय विण्यापूर्वी काही आठवडे ते देतात, विशेषतः ज्या गोठ्यात वार अडकण्याचा त्रास वारंवार होतो तिथे. हे इंजेक्शनच का, चाऱ्यातून का नाही, असे पशुपालक विचारतात. त्याचे उत्तर वाहतुकीच्या अगदी पहिल्या पायरीत आहे.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटात, म्हणजे रूमेनमध्ये, कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. सेलेनाइट तिथे पडले की ते सूक्ष्मजीव त्याचा बराचसा भाग अविद्राव्य मूलद्रव्यरूपी सेलेनियममध्ये बदलतात, आणि ते आतड्यात शोषले न जाता शेणावाटे निघून जाते. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जुन्या प्रयोगात तोंडावाटे दिलेल्या सेलेनाइटपैकी डुकरांनी सुमारे ८५ टक्के शोषले होते आणि मेंढ्यांनी जेमतेम ३४ टक्के. इंजेक्शनने दिलेले सेलेनाइट या सापळ्यातून सुटते. रक्तात तांबड्या पेशी ते झटपट आत घेतात, ग्लुटाथायोनच्या मदतीने त्याचे क्षपण करतात आणि परत रक्तद्रवात सोडतात. तिथून ते अल्ब्युमिनला धरून यकृताकडे जाते. यकृतापुढचा प्रवास सरांनी सांगितला तसाच.

यीस्टमधून दिलेले सेंद्रिय सेलेनियम मात्र दुधात अधिक उतरते, कारण त्यातले सेलेनोमिथिओनिन दुधाच्या प्रथिनांत मिथिओनिनच्या जागी बसते. माणसाच्या अल्ब्युमिनमध्ये जे घडते तेच इथे केसीनमध्ये घडते. पुरवठा फारच कमी पडला तर कोकरे आणि वासरे यांच्या स्नायूंवर पांढरे पट्टे दिसतात आणि ती उभी राहू शकत नाहीत; हृदयाच्या स्नायूला झळ लागली तर अचानक दगावतात.

एक इशारा देणे माझे कामच आहे. इंजेक्शनची मात्रा वजनावर ठरते आणि सेलेनियममध्ये पुरेसे व विषारी यांतले अंतर लहान असते. शेजारच्या गोठ्यातली उरलेली बाटली वासराला टोचण्याचा उद्योग कृपया कोणी करू नये.

उत्तर | जीवरसायन शिक्षक, राजारामपुरी

डॉक्टरसाहेबांनी रूमेनचा मुद्दा मांडला हे फार चांगले झाले. आता उपप्रश्नांकडे वळतो. आधी दुसरा घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातून निघते.

सेलेनोप्रोटीन पी रिसेप्टरसह पेशीच्या आत खेचले जाते आणि लायसोसोम या पाचक कप्प्यात त्याचे तुकडे होतात. सुटलेले सेलेनोसिस्टीन सेलेनोसिस्टीन लायेज नावाच्या एन्झाइमच्या तावडीत सापडते आणि ते एन्झाइम त्यातून सेलेनियम वेगळे करते. मोकळे सेलेनाइड फार क्रियाशील आणि अधिक प्रमाणात विषारी असल्याने पेशी त्याला उघड्यावर फिरू देत नाही. पेरॉक्सिरेडॉक्सिन-६ हे प्रथिन पेशीच्या आत सेलेनियम हातोहात पोहोचवण्याचे काम करते, असे २०२४ साली एकाहून अधिक गटांनी दाखवले. म्हणजे रक्तातला प्रवास संपल्यावर आतही एक छोटा प्रवास असतोच. नंतर पुन्हा सेलेनोफॉस्फेट, पुन्हा तो टीआरएनए, पुन्हा यूजीए, आणि शेवटी त्या पेशीला हवे असलेले प्रथिन तयार.

टंचाईत शरीर वाटप कसे करते, ते पाहण्यासारखे आहे. सेलेनियम कमी पडले की यकृत आणि स्नायू यांतले आधी उतरते, तर मेंदू, वृषण आणि अंतःस्रावी ग्रंथी आपला वाटा धरून ठेवतात. एकाच पेशीतही पंक्तिभेद असतो. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज-१ चे उत्पादन लगेच घसरते, तर पेशीपटलातील मेदांना जपणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज-४ चे बराच काळ टिकते. शुक्राणूच्या मधल्या भागाची बांधणीही याच पेरॉक्सिडेज-४ वर अवलंबून असते, म्हणून वर सांगितलेले नर उंदीर वांझ निघाले यात नवल नाही. मेंदूचे प्रकरण आणखी एका बाबतीत वेगळे आहे. तो यकृताकडून येणाऱ्या सेलेनोप्रोटीन पीवरच विसंबून नसतो, स्वतःही थोडे बनवतो आणि आतल्या आत फिरवतो. त्यामुळे केवळ यकृतातली निर्मिती बंद पाडलेल्या उंदरांच्या मेंदूला पुरेशा आहारावर फारशी झळ पोहोचत नाही. या मुद्द्यामुळे ‘यकृत पाठवते आणि इतर अवयव घेतात’ हे चित्र थोडे सैल करून वाचावे लागते.

आता थायरॉइड. दर ग्रॅम ऊतीमागे सर्वाधिक सेलेनियम असणाऱ्या अवयवांत या ग्रंथीची गणना होते. थायरॉक्सिनमधला आयोडीनचा एक अणू काढून त्याला कार्यक्षम टी-३ बनवणारी डीआयोडिनेज एन्झाइमे सेलेनियमयुक्त आहेत. संप्रेरक बनवताना या ग्रंथीत हायड्रोजन पेरॉक्साइड सतत तयार होत असते आणि त्यापासून बचाव करणारी पेरॉक्सिडेज एन्झाइमेही त्याच वर्गातली. तरीही सेलेनोप्रोटीन पी नसलेल्या उंदरांत थायरॉइड संप्रेरकांची पातळी बऱ्यापैकी टिकून राहते. याचा अर्थ ही ग्रंथी तुटपुंज्या पुरवठ्यातूनही आपले काम भागवून घेते. रांगेत ती इतकी पुढे उभी आहे की ८२ या आधीच्या आकड्यावर ती उपाशी असेल, असे मला वाटत नाही.

उत्तर | आहारतज्ज्ञ, ताराबाई पार्क

वरील चर्चा वाचून आनंद झाला. गोळीच्या मात्रेबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रौढांसाठीची शिफारस दिवसाला ४० मायक्रोग्रॅमची आहे आणि अमेरिकेची ५५ ची. वरची सुरक्षित मर्यादा अमेरिकेत ४०० धरतात, तर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ साली ती २५५ वर आणली. २०० च्या गोळीवर रोजचा आहार धरला तर युरोपीय मर्यादेच्या अगदी जवळ जाणे सहज शक्य आहे.

आपल्याकडच्या ताटात अंडे, मासे आणि मटण हे चांगले स्रोत आहेत. गहू आणि डाळी यांतले प्रमाण मात्र ज्या मातीत ते पिकले तिच्यावर ठरते, त्यामुळे तक्त्यातला आकडा जसाच्या तसा धरू नये. पंजाबातील नवांशहर आणि होशियारपूर भागात काही जमिनींत सेलेनियम इतके आहे की तिथल्या चाऱ्यामुळे गुरांचे खूर आणि शिंगे बिघडतात. उलट चीनच्या हेलोंगजियांग प्रांतातील केशान परगण्यात अन्नातच ते इतके कमी होते की हृदयस्नायूचा एक आजार त्या गावाच्या नावानेच ओळखला जातो. पांढऱ्या रश्श्याची वाटी रोज समोर असणाऱ्या घरात केशानसारखी टंचाई होईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. शुद्ध शाकाहारी आणि मोजके खाणाऱ्या ज्येष्ठांबाबत मात्र मी आहाराची चौकशी नीट करते.

जास्त झालेले सेलेनियम शरीर बाहेर कसे टाकते, हेही आईंच्या बाबतीत लक्षात असू द्या. यकृत त्याला साखरेच्या एका रूपाशी जोडून लघवीवाटे घालवते. प्रमाण फारच वाढले तर त्याचे वायुरूप संयुग श्वासातून बाहेर पडते आणि तोंडाला लसणासारखा वास येऊ लागतो. केस गळणे आणि नखे ठिसूळ होणे ही लक्षणे त्याच्याच सोबतची. थायरॉइडच्या रुग्णाचे केस गळू लागले की दोष थायरॉइडलाच दिला जातो, आणि गोळीकडे कोणी बोट दाखवत नाही.

थोडे फायद्याविषयीही. ग्रेव्हज या थायरॉइडच्या अतिक्रियेच्या आजारात डोळ्यांना होणाऱ्या सौम्य त्रासात सेलेनियमचा उपयोग २०११ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत दिसला. हाशिमोटोमध्ये काही चाचण्यांत प्रतिपिंडांचा आकडा उतरला, परंतु त्यामुळे थायरॉक्सिनची गोळी सुटते असा पुरावा नाही. आणि ‘सिलेक्ट’ या मोठ्या अमेरिकी चाचणीत, जिच्यात ३५ हजारांहून अधिक पुरुष होते, नेमकी हीच २०० मायक्रोग्रॅमची सेलेनोमिथिओनिनची मात्रा प्रोस्टेटच्या कर्करोगापासून बचाव करू शकली नाही. २००८ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या.

करवीरनिवासी

सर्वांचे आभार. केस गळण्याचा उल्लेख वाचून आईंना विचारले, तर दिवाळीपासून कंगव्यात जास्त केस येतात असे त्या म्हणाल्या. येत्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाणार आहोत. एकच शेवटचे विचारतो. डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली तर सेलेनियम एकदम खाली तर येणार नाही ना?

उत्तर | जीवरसायन शिक्षक, राजारामपुरी

एकदम येणार नाही. सेलेनोमिथिओनिनच्या रूपात घेतलेले सेलेनियम अल्ब्युमिनप्रमाणेच स्नायूंच्या प्रथिनांतही बसलेले असते, आणि ती प्रथिने रोजच्या झिजेत मोडतील तसे ते थोडे थोडे सुटून यकृताला मिळत राहते. माणसांवरील अभ्यासात सेलेनोमिथिओनिनमधील सेलेनियम शरीरातून निम्मे होण्यास सुमारे २५० दिवस लागले, तर सेलेनाइटच्या बाबतीत सुमारे १००. त्यामुळे गोळी थांबवल्यावर पंधरवड्यात पुन्हा रक्त तपासून काही हाती लागणार नाही. तीन-चार महिन्यांनी तपासलेत तर उतार कितपत आहे ते दिसेल. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही रिपोर्ट आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्या, आणि केसांचे आवर्जून सांगा. घरात दुसरी एखादी मल्टिव्हिटॅमिनची गोळी सुरू असेल तर तिच्यातही सेलेनियम असू शकते, तेव्हा तिचेही पाकीट घ्या.